शेवटच्या खांबावरचा व्होल्ट

१६ मे २०२१. तौक्ते वादळ मालवणासमोरून उत्तरेला सरकलं. मागे राहिले आडवे झालेले माड, अंगणात विखुरलेली कौलं आणि रस्त्याकडेला काडीसारखे मोडलेले विजेचे खांब. वीज लवकर येणार नाही, हे कुणी सांगायची गरज नव्हती. तिसऱ्या दिवशी घरामागच्या टेकडीवर मोबाइलची रेंज यायला लागली आणि खरी अडचण तेव्हा कळली. रेंज होती, पण फोन मेले होते.

ते कोविडच्या दुसऱ्या लाटेचे दिवस. शेजारच्या काकींचे यजमान रुग्णालयात ऑक्सिजनवर होते. रोज संध्याकाळी एक फोन यायचा, तेवढाच त्यांना आधार. वाडीतल्या घराघरांतून असं काही ना काही होतंच. कुणाचा मुलगा मुंबईत अडकलेला, कुणाची मुलगी बाळंतपणाला टेकलेली. दुपारपर्यंत आमच्या पडवीतल्या टेबलावर सतरा फोन येऊन पडले. कारण वाडीत सगळ्यांना माहीत होतं की मी पुण्याला पॉवर सप्लाय डिझाइन करायची नोकरी करतो, आणि लॉकडाऊनमुळे घरीच आहे.

एका शेजाऱ्याने होडीच्या इंजिनाची बॅटरी आणून दिली. १२ व्होल्ट, ७५ अँपिअर-अवर. कागदावर ९०० वॉट-अवर ऊर्जा. शिशाची बॅटरी अर्ध्यापेक्षा जास्त रिकामी केली तर तिचं आयुष्य घटतं, म्हणून हाताशी धरायची ४५०. एक फोन भरायला, चार्जिंगमधला तोटा धरून, साधारण २० वॉट-अवर. म्हणजे बावीस फोन. सतरांना पुरून उरेल असं वाटलं.

फोनला १२ व्होल्ट चालत नाहीत, ५ लागतात. बाबांच्या जुन्या डब्यात एक ७८०५ सापडला. तीन पायांचा, नखाएवढा, काळा रेग्युलेटर. एका बाजूने १२ व्होल्ट द्या, दुसऱ्या बाजूने बरोब्बर ५ घ्या. पत्र्याचा तुकडा मागे कसून मी तो जोडला. पहिला फोन चार्ज व्हायला लागला आणि दहा मिनिटांत पत्र्याला हात लावता येईना.

बाबा खुर्चीतून बघत होते. चाळीस वर्षं मालवणच्या बाजारात रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवलेला माणूस. म्हणाले, "ही काय शेगडी पेटवलंस? अर्दी बॅटरी जाळतंस, झिला."

अर्धी नाही, अर्ध्याहून जास्तच. ७८०५ घेतो तेवढाच प्रवाह पुढे देतो, आणि मधल्या ७ व्होल्टची उष्णता करून टाकतो. १ अँपिअरला ५ वॉट फोनला, ७ वॉट पत्र्याला. ४२ टक्के कार्यक्षमता. हिशेब पुन्हा केला तर बावीस फोनांचे झाले नऊ. म्हणजे सतरांपैकी आठ घरांना मी 'नाही' म्हणणार होतो.

तेवढ्यात वाडीतल्या एका पोराने त्याच्या गाडीतला चार्जर आणला. सिगारेट लायटरच्या खाचेत बसतो तो, अंगठ्याएवढा, रस्त्यावर मिळणारा. तोही १२ चे ५ च करतो, पण ८५ टक्क्यांच्या आसपास कार्यक्षमतेने. नऊचे एकोणीस झाले. सतरांचे सतरा फोन भरले. काकी संध्याकाळी टेकडीवर गेल्या आणि यजमानांशी बोलून आल्या.

त्या नऊ आणि एकोणीसच्या मधली गोष्ट मला तुम्हाला सांगायची आहे. ती मालवणात फार जुनी आहे, आणि आत्ता तुमच्या हातातल्या फोनमध्येही चालू आहे.

दीड व्होल्टाचा रेडिओ

आमच्या घरी आजोबांनी घेतलेला एक लाकडी रेडिओ आहे. वाडीत वीज यायच्या कितीतरी आधीचा. तेव्हा अशा गावांसाठी बॅटरीवर चालणारे व्हॉल्व्हचे रेडिओ निघायचे. व्हॉल्व्ह म्हणजे काचेची नळी. तिच्या आतली तार तापते, त्या तारेतून इलेक्ट्रॉन सुटतात आणि रेडिओ बोलतो. विजेवर चालणाऱ्या संचात ही तार तापवायला ऊर्जेची चैन असे. बॅटरीवर तसं जमणार नव्हतं. म्हणून १९४० च्या आसपास अमेरिकेतल्या आरसीए कंपनीने बोटाएवढे व्हॉल्व्ह बाजारात आणले, ज्यांची तार केवळ १.४ व्होल्ट आणि ५० मिलिअँपिअरवर तापायची. १.४ का? तर साधा कोरडा सेल दीड व्होल्टाचा असतो आणि वापरता वापरता खाली येतो, म्हणून.

चार व्हॉल्व्हच्या अशा रेडिओला तारा तापवायला पाव अँपिअर लागे. म्हणजे ०.३५ वॉट. शिवाय ९० व्होल्टचा एक वेगळा पुरवठा, पण त्यातून प्रवाह अगदी थोडा. दोन्ही मिळून एका खोक्यात यायचं, त्याला दुकानात 'पॅक बॅटरी' म्हणत. ती संपली की रेडिओ मुका. नवी आणायला पैसे हवेत. म्हणून रेडिओ दिवसभर लावत नसत. बातम्या, भजन, आणि वादळाचा इशारा असेल तर तो. बाकी वेळ बंद. आजोबा बातम्यांआधी पाच मिनिटं रेडिओ लावून 'तापवणाऱ्या' शेजाऱ्याला कसे रागवायचे, हे बाबा अजून हसत सांगतात. या व्हॉल्व्हना तापायला वेळ लागतच नाही.

या रेडिओत व्होल्टेज सांभाळणारं काहीही नव्हतं. सेल १.५ वरून १.१ वर येईपर्यंत तारा हळूहळू थंड होत जायच्या. आणि गंमत अशी, की आवाज हळूहळू बारीक होऊन रेडिओ मरायचा नाही. आतला एक व्हॉल्व्ह स्टेशन पकडण्यासाठी स्वतःची कंपनं तयार करतो. तार एका मर्यादेखाली थंड झाली की ती कंपनं एकदम थांबतात. गाणं चालू असता असता स्टेशन नाहीसं होतं. सेल अजून मेलेला नसतो, फक्त एक-दोन दशांश व्होल्ट कमी पडलेले असतात.

कमी व्होल्टेजच्या जगाचा पहिला नियम हाच. २३० व्होल्टमधून ०.२ गेले तर कुणाला कळतही नाही. १.४ मधून ०.२ गेले तर घर मुकं होतं.

मराठी गावांमध्ये रेडिओचं महत्त्व किती होतं, हे आज फोनवर वाचणाऱ्याला सांगावं लागेल. १९५६ साली पुणे आकाशवाणीने युनेस्कोच्या साहाय्याने दीडशे गावांमध्ये 'रेडिओ शेतकरी मंडळं' चालवून पाहिली. गावकऱ्यांनी एकत्र बसून शेतीचा कार्यक्रम ऐकायचा, त्यावर चर्चा करायची आणि प्रश्न केंद्राकडे पाठवायचे. जगभरात त्या प्रयोगाचा अभ्यास झाला. जिथे वीज नव्हती तिथे अशा ऐकण्याचा सगळा डोलारा शेवटी बॅटरीवर उभा असे.

गुणगुणणारा डबा

पॅक बॅटरी परवडत नसे त्यांनी दुसरा मार्ग काढला. मोटारीची ६ व्होल्टची बॅटरी घ्यायची. ती पुन्हा भरता येते. पण रेडिओला नव्वद-शंभर, कधी त्याहून जास्त व्होल्ट लागतात, ते ६ मधून कसे काढायचे? ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज वाढवतो, पण त्याला बदलता प्रवाह लागतो. बॅटरीचा प्रवाह तर सरळ.

उत्तर होतं 'व्हायब्रेटर'. बाबांच्या डब्यात त्याचे तीन नमुने अजून आहेत. दिसायला पत्र्याची नळकांडी. आत पोलादाची एक पातळ पट्टी, विजेच्या घंटीत असते तशी. बॅटरी जोडली की ती सेकंदाला शंभरेक वेळा थरथरते, आणि प्रत्येक हेलकाव्याला प्रवाह एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने ट्रान्सफॉर्मरला देते. रेडिओ लावला की गाण्याच्या आधी त्याची गुणगुण ऐकू यायची. १९३० च्या दशकात अमेरिकेत मोटारींमधले रेडिओ याच युक्तीवर चालायचे. तीच पुढे आपल्याकडच्या वीज नसलेल्या गावांमध्ये पोचली.

त्या पट्टीचे संपर्कबिंदू ठिणग्यांनी झिजायचे. मग ते बारीक कानशीने घासायचे, अंतर जुळवायचं. बाबांची पहिली कमाई हीच, वय वर्षं एकोणीस. त्यांना ते यंत्र म्हणून कधी महान वाटलं नाही. पण मी पुण्याला गेल्यावर, नोकरीच्या पहिल्या वर्षी, स्क्रीनवर एका अत्याधुनिक कन्व्हर्टरचं चित्र बघताना मला एकदम त्या डब्याची आठवण झाली. ऊर्जा जाळून कमी करायची नाही. ती तुकड्या-तुकड्यांनी, उघडझाप करत, मोजून पुढे द्यायची. आजचा प्रत्येक स्विचिंग पॉवर सप्लाय, तो अंगठ्याएवढा गाडीचा चार्जरही, हेच करतो. फरक इतकाच, की पट्टीच्या जागी ट्रान्झिस्टर आला आणि शंभराच्या जागी काही लाख. त्यामुळे गुणगुण ऐकू येत नाही.

धरणाची भिंत आणि सिलिकॉनचा आकडा

ट्रान्झिस्टर रेडिओ आले आणि पॅक बॅटरी, व्हायब्रेटर, तापणाऱ्या तारा, सगळं काही वर्षांत अडगळीत गेलं. चार पेन्सिल सेल पुरायला लागले. पण ट्रान्झिस्टरांनी एक नवी मागणी आणली, काटेकोर व्होल्टेजची. संगणकाच्या चिप ५ व्होल्टवर चालत, आणि त्यांना पाच म्हणजे पाचच लागत.

काटेकोरपणासाठी दोन गोष्टी हव्यात. एक, मोजून सुधारण्याची रीत. दुसरी, तुलना करायला न हलणारी एक खूण.

पहिली गोष्ट एका होडीत सुचली. २ ऑगस्ट १९२७ रोजी सकाळी हॅरॉल्ड ब्लॅक हा बेल कंपनीतला तरुण इंजिनिअर हडसन नदी ओलांडून कामावर चालला होता. बाहेर काय निघतंय ते मोजायचं, हवं त्याच्याशी ताडायचं आणि चूक उलटी करून आत परत द्यायची, ही कल्पना त्याने हातातल्या वर्तमानपत्रावरच लिहून काढली. ऋण प्रतिभरण म्हणतात त्याला, निगेटिव्ह फीडबॅक. सिंधुदुर्ग किल्ल्यावर होडीने जाताना सुकाणू धरणारा हेच करतो. नजर किल्ल्यावर, होडी डावीकडे सरकली की तिचं नाक उजवीकडे.

दुसरी गोष्ट, न हलणारी खूण, रॉबर्ट विडलर या अवलिया डिझायनरने १९७० च्या सुमारास चिपमध्ये बसवली. सिलिकॉनच्या जोडावरचं व्होल्टेज तापमान वाढलं की कमी होतं, अंशाला सुमारे २ मिलिव्होल्ट. त्याने त्यात तापमानाबरोबर वाढणारं दुसरं व्होल्टेज मिळवलं. एक उतरतं, एक चढतं, बेरीज जागची हलत नाही. ही बेरीज येते सुमारे १.२ व्होल्ट. हा आकडा कुणी निवडलेला नाही, तो सिलिकॉनच्या अणुरचनेतून येतो. इंजिनिअर त्याला 'बँडगॅप' म्हणतात. पुढे जवळपास प्रत्येक रेग्युलेटरच्या पोटात हाच १.२ बसला.

मालवणच्या पडवीतला ७८०५ त्याच पिढीतला. काटेकोर, स्वस्त, न बिघडणारा. पण धरणाच्या भिंतीसारखा. वर पाणी कितीही असो, खाली एका पातळीने सोडतो, आणि मधली उंची वाया. १२ चे ५ करताना निम्म्याहून जास्त वाया, ५ चा १ करताना पाचातले चार.

आणि जग ५ वरून १ कडे निघालं होतं.

व्होल्ट खाली का गेला

चिपमध्ये जळणारी शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते. व्होल्टेज निम्मं केलं तर त्याच कामाला लागणारी शक्ती पाव होते. १९७४ साली आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड आणि सहकाऱ्यांनी मांडून दाखवलं, की ट्रान्झिस्टर लहान करत जा, व्होल्टेजही त्याच प्रमाणात उतरवत जा, म्हणजे चिप तापणार नाही आणि वेगही वाढेल. पुढची तीस वर्षं संगणकाचं जग या वाटेने चाललं.

१९९३ मध्ये इंटेलचा पेंटियम आला. त्याच्या निर्मितीचं नेतृत्व करणाऱ्यांपैकी विनोद धाम यांचा जन्म पुण्यातला, १९५० चा. तो पहिला पेंटियम ५ व्होल्टवर चालायचा आणि १५-१६ वॉट जाळायचा. तेव्हा ते फार वाटत होतं. पुढच्याच वर्षीच्या आवृत्तीत व्होल्टेज ३.३ वर आलं. ३.३ चा वर्ग भागिले ५ चा वर्ग, म्हणजे तेवढ्याच कामाला ४४ टक्के शक्ती. मग २.८, २, दीड, आणि आता १ च्या खाली. तुमच्या फोनची बॅटरी ३ ते ४.२ व्होल्टच्या दरम्यान कुठेतरी असते. आतला प्रोसेसर काम कमी असेल तेव्हा अर्ध्या-पाऊण व्होल्टवर चालतो, खेळ सुरू केलात की एकच्या आसपास चढतो.

म्हणजे ऐंशी वर्षांनी आपण आजोबांच्या सेलच्याही खाली आलो. आणि आजोबांचाच त्रास पुन्हा उभा राहिला, फक्त कितीतरी पटींनी मोठा होऊन.

कोकणातल्या माणसाला तो त्रास लगेच समजेल. आमचं घर लाइनीच्या शेवटच्या खांबावर. ट्रान्सफॉर्मरपाशी २३० व्होल्ट असतात. वाटेत प्रत्येक घर आपला प्रवाह ओढतं, तारेचा थोडासा रोध प्रत्येक अँपिअरमागे थोडं व्होल्टेज खातो, आणि संध्याकाळी सातला आमच्याकडे २०५ पोचतात. पंखा रेंगाळतो. मिक्सर ओरडतो पण खोबरं वाटत नाही. ट्रान्सफॉर्मरपाशी मीटर लावणाऱ्याला सगळं आलबेल दिसतं.

आता १०० वॉटचा प्रोसेसर घ्या. ५ व्होल्टवर तो २० अँपिअर ओढेल. १ व्होल्टवर १०० अँपिअर. शक्ती तेवढीच, प्रवाह पाचपट, आणि तारेतला तोटा प्रवाहाच्या वर्गाने म्हणजे पंचवीसपट. वाटेतल्या तांब्याचा रोध केवळ १ मिलिओहम असला, जो साध्या मीटरवर शून्यच दिसतो, तरी ०.१ व्होल्ट वाटेत गेला. एकातला दशांश. २३० मधले २३ गेल्यासारखंच. बोटभर लांबीच्या सर्किट बोर्डावर आमची अख्खी वाडी उभी राहिली.

टोलनाका, रापण आणि मापाचा खांब

या अडचणीतून बाहेर पडायला तीन-चार गोष्टी कराव्या लागल्या.

पहिला शत्रू डायोड. स्विचिंग सप्लायमध्ये उघडझाप चालते, त्यात 'झाप'च्या वेळी प्रवाहाला वाट देणारा एक डायोड असतो. तो दर वेळी ०.४ व्होल्ट टोल घेतो. १२ व्होल्टच्या मालावर ०.४ टोल म्हणजे ३ टक्के, कुणी तक्रार करत नाही. १ व्होल्टच्या मालावर तोच टोल गळ्याशी येतो. म्हणून डायोड काढला आणि तिथे दुसरा ट्रान्झिस्टर बसवला, जो अचूक वेळी उघडतो. त्याचा रोध इतका कमी, की १० अँपिअर गेले तरी टोल ०.०५ व्होल्टच्या आसपास. याला सिंक्रोनस रेक्टिफिकेशन म्हणतात. धोका एकच. दोन्ही ट्रान्झिस्टर एकाच वेळी उघडले तर बॅटरीच शॉर्ट. म्हणून एक मिटल्यावर दुसरा उघडेपर्यंत मध्ये काही अब्जांश सेकंदांची फट ठेवतात. माझ्या नोकरीतली बरीच वर्षं त्या फटीत गेली आहेत.

दुसरी अडचण प्रवाहाची. १०० अँपिअर एका वाटेने आणले तर ती वाट तापते, आणि उघडझापीचे हिसके व्होल्टेजमध्ये उमटतात. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेकमध्ये फ्रेड ली आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी यावर अनेक कन्व्हर्टर एकत्र जोडायचा मार्ग पक्का केला. प्रत्येकाने थोडा वाटा उचलायचा, पण एकदम नाही, एकामागून एक. मालवणच्या किनाऱ्यावर रापण ओढताना पाहिली असेल तर हे चित्र डोळ्यांपुढे आहेच. दोरावर वीस-पंचवीस माणसं. सगळ्यांनी एकाच क्षणी हिसका दिला तर जाळं फाटेल. एकाचा हात ढिला होतो तेव्हा दुसऱ्याचा ताणलेला असतो, म्हणून दोर सलग येतो. आजच्या संगणकातल्या प्रोसेसरभोवती बघा, चौकोनी काळ्या कॉइलची रांग दिसेल. ती रापण.

तिसरी गोष्ट त्या १.२ व्होल्टच्या खुणेची. मोजायची पट्टीच १.२ लांब, आणि मोजायचं आहे ०.८. साधे जुने रेग्युलेटर म्हणूनच १.२५ च्या खाली उतरतच नसत. शेवटी तोशिबातल्या संशोधकांनी १९९९ साली एक सुटसुटीत सर्किट मांडलं. चढतं आणि उतरतं व्होल्टेज थेट मिळवण्याऐवजी त्यांचे प्रवाह करायचे, ते मिळवायचे आणि हव्या त्या रोधातून सोडायचे. खूण स्थिरच राहते, पण आता ती एक व्होल्टच्या खालीही ठेवता येते.

आणि चौथी, मला सगळ्यात जवळची वाटणारी. मोजायचं कुठे? १९९५ च्या पेंटियम प्रोपासून पॉवर सप्लायचा शेवटचा टप्पा प्रोसेसरच्या शेजारी आणून बसवायची पद्धत रुळली. प्रोसेसर आपल्या काही पायांवरून स्वतः सांगतो, 'मला इतके व्होल्ट हवेत.' आणि पुढे दोन वेगळ्या बारीक तारा थेट चिपच्या पायापासून मागे रेग्युलेटरकडे नेल्या जाऊ लागल्या. त्यांतून जवळजवळ प्रवाहच वाहत नाही, म्हणून त्या काही खात नाहीत. त्यांचं काम एवढंच की शेवटच्या घरी खरोखर किती पोचलं ते सांगायचं. वाटेत कितीही गळालं तरी रेग्युलेटर तेवढं जास्त पाठवतो.

व्हॉल्व्हाचा पाय

वादळानंतर वीज यायला बरेच दिवस लागले. त्या दिवसांत बाबा गप्प गप्प असायचे. दुकानाचं छप्पर उडालं होतं, आतला जुना माल भिजला होता. कपाटाच्या वरच्या फळीवरचा आजोबांचा रेडिओ मात्र कोरडा राहिला. एका संध्याकाळी त्यांनी तो माझ्यासमोर ठेवला. हात थरथरतात, त्यामुळे सोल्डरिंग त्यांना जमत नाही. म्हणाले, "हो वाजलो तर बरा."

९० व्होल्टसाठी मी ९ व्होल्टचे दहा सेल ओळीने जोडले. प्रवाह थोडा, त्यामुळे ते टिकतात. प्रश्न होता १.४ चा. पूर्वीचे मोठे दीड व्होल्टचे सेल आणायचे तर बाजार बंद. समोर होती तीच होडीची १२ व्होल्टची बॅटरी, आता एका छोट्या सोलर पॅनेलवर भरत असलेली.

आधी बाबांच्या डब्यातला एलएम ३१७ लावला. तो १.२५ पर्यंत खाली जातो, १.४ देतो, अगदी स्वच्छ. पण ०.३५ वॉटच्या तारा तापवायला बॅटरीतून ३ वॉट घेतो. १२ टक्के. पुन्हा शेगडी.

मग पुण्याहून आणलेलं एक स्विचिंग मॉड्यूल लावलं. सेकंदाला दीड लाख उघडझापी. पत्रा थंड, बॅटरी खूश, आणि रेडिओवर नुसती शिट्टी. कारण सोपं होतं. मीडियम वेव्हचा पट्टा ५३१ ते १६०२ किलोहर्ट्झ. १५० ची पाढ्यातली पटं, ६००, ७५०, ९००, सरळ त्या पट्ट्यात पडतात. माझा कन्व्हर्टर स्वतःच एक स्टेशन झाला होता. बाबा म्हणाले, "व्हायब्रेटर पण असोच कुजबुजायचो. तेका आमी पत्र्याच्या डब्यात घालू आणि कॉइल लावू."

तेच केलं. मॉड्यूल बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात घातलं, तारांवर कॉइल आणि कपॅसिटर लावले. मॉड्यूलने १२ चे २ केले, आणि पुढच्या २ ते १.४ या छोट्या उतारासाठी एक साधा, गोंगाट न करणारा रेग्युलेटर ठेवला. लांबची उतरण उघडझापीने, शेवटची पायरी शांतपणे. ३ वॉटच्या जागी पाऊण वॉट. तुमच्या फोनमध्येही रेंज पकडणाऱ्या नाजूक भागाला अशीच, दोन टप्प्यांत वीज पोचवतात.

मीटरवर १.४० आले. रेडिओ लावला. व्हॉल्व्ह आहेत, वीज आहे, पण स्टेशन नाही. तासभर मी सगळं तपासलं. मीटर १.४० च्या खाली येईना.

बाबा उठून जवळ आले. "मीटर सप्लायर कित्या लावतंस? व्हॉल्वाच्या पायार लाव. व्होल्ट थय मोज, जय तेची गरज आसा."

व्हॉल्व्हच्या पायावर १.२८ होते. सत्तर वर्षांचा गंजलेला स्विच आणि बारीक तार, दोघांत मिळून अर्धा ओहम, आणि पाव अँपिअरला ०.१२ व्होल्ट गळत होते. म्हाताऱ्या व्हॉल्व्हला तेवढेच कमी पडत होते. मला लाजल्यासारखं झालं. पगार घेऊन मी रोज हेच करतो. चिपच्या पायापासून दोन बारीक तारा मागे नेतो. आणि घरी, स्वतःच्या टेबलावर, मी ट्रान्सफॉर्मरपाशी मीटर लावून बसलो होतो.

मापाच्या तारा उचलून व्हॉल्व्हच्या पायावर जोडल्या. रेग्युलेटरने आपोआप थोडं जास्त पाठवलं, पायावर १.४० झाले. सुई फिरवताना खरखर बदलली आणि मुंबई केंद्राच्या बातम्या आल्या. बाबांनी आवाज वाढवला नाही. कान जवळ नेऊन ऐकत बसले. पूर्वी बॅटरी वाचवायला असंच ऐकत असावेत.

आठवड्याने खांब उभे राहिले, तारा ओढल्या, वाडीत वीज आली. पोरांनी आरडाओरडा केला. काकींचे यजमान त्याच आठवड्यात घरी आले होते. त्यांच्या घरचा पंखा फिरताना दिसला. मी मेन स्विचकडे धावलो. बाबा माझा मीटर घेऊन घराच्या मागच्या टोकाला, न्हाणीघराजवळच्या शेवटच्या सॉकेटकडे गेले. पिना आत घातल्या, चष्मा वर केला आणि तिथूनच ओरडून आकडा सांगितला.

"दोनशे चार."